राबणाऱ्या मैत्रिणीसाठी गुपचूप सहल

सगळ्यांसाठी झिजणारी मैत्रीण सहलीला नाही म्हणते ती बहुतेकदा 'माझ्यावाचून इथलं कसं होणार' या काळजीने. म्हणून तिकिटांच्या आधी तिची कामं वाटून घ्या. आईची औषधं, मुलांची शाळा, कुंड्यांना पाणी: प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि वेळ लिहा. हे राहिलं तर ती येईल, पण सगळा वेळ फोनवरच असेल.

रजेचं तिच्या वरिष्ठांशी घरच्यांपैकी कुणीतरी ३-४ आठवडे आधी बोलावं. तिकिटावरचं नाव ओळखपत्रावर आहे तसंच हवं. टोपणनावाचं तिकीट विमानतळावर अडतं. परदेश मात्र टाळा. व्हिसा लागत असेल तर अर्जावर बहुतेकदा तिची सही लागते आणि गुपित तिथेच फुटतं.

ठिकाण लपवा, तारखा लपवू नका. आठवडाभर आधी 'हे ३ दिवस मोकळे ठेव' एवढं सांगा, सोबत कपडे थंडीचे की उन्हाळ्याचे तेही. तिची रोजची औषधं आणि चष्मा बरोबर घ्यायला विसरू नका, घाईत तेच राहून जातं.

दिवसाला एकच कार्यक्रम ठेवा. पहिली सकाळ पूर्ण मोकळी सोडा, तिला झोपू द्या. वर्गणी आधीच जमा करून सगळी बिलं भरून टाका, नाहीतर ती हमखास स्वतःचं पाकीट काढेल.