तिरक्या मॉडेलमध्ये अंतर मोजताना

धुळ्यात महामार्गाला समांतर बांधलेली शेड नकाशाच्या उत्तरेशी क्वचितच जुळते. तिचं मॉडेल नेव्हिसवर्क्समध्ये (इमारतींची 3D मॉडेलं एकत्र तपासायचं सॉफ्टवेअर) उघडून एक्स-लॉक (मोजणी फक्त एक्स अक्षाच्या दिशेत धरणारी सोय) लावला, की आकडा चुकतो. कारण हा लॉक फाइलच्या अक्षांवर चालतो, इमारतीच्या नाही. शेड 30 अंश फिरलेली असेल, तर 6 मीटरचा गाळा (दोन खांबांमधलं अंतर) एक्समध्ये 5.196 दिसेल, वायमध्ये 3.000. आकडा पटण्याजोगा दिसतो, म्हणूनच फसवतो.

भिंत ते भिंत मोकळं अंतर हवं असेल, तर मेजर या मोजणीच्या टूलमधलं पॉइंट टू पॉइंट घ्या, लॉक परपेंडिक्युलर ठेवा (की-बोर्डवर पी) आणि पहिली क्लिक भिंतीच्या सपाट पृष्ठभागावर करा. आता मोजणी त्या भिंतीला काटकोनातच होते. दुसरी क्लिक समोर थोडी वर-खाली झाली तरी बिघडत नाही. भिंतीच्या लांबीसाठी पॅरलल लॉक, म्हणजे एल.

लॉक न लावता मोजलं तर उंचीतला फरकही अंतरात मिसळतो. 6 मीटरवर अर्ध्या मीटरचा फरक पडला, की 6.021 येतं. झेडचा, म्हणजे उंचीचा, फरक शून्य आहे का, ते आधी बघा.

गोल खांबावर मात्र परपेंडिक्युलर नको. तिथे पृष्ठभाग छोट्या सपाट तुकड्यांचा असतो, क्लिक ज्या तुकड्यावर पडेल त्यालाच लंब निघतो. शॉर्टेस्ट डिस्टन्स (दोन वस्तूंमधलं सर्वांत कमी अंतर) वापरा.

युनिट्स अँड ट्रान्सफॉर्ममधून फाइलच उलट्या दिशेनं फिरवून शेड अक्षांशी जुळवता येते, पण मग पाइपिंग, स्टील सगळ्याच फाइली त्याच बिंदूभोवती, तितक्याच अंशांनी फिरवाव्या लागतात. एक राहिली तर क्लॅशचा (भाग एकमेकांत घुसल्याच्या इशाऱ्यांचा) पाऊस. दोन-चार मापांसाठी तो उद्योग नकोच.