माळ्यावरच्या संगणकातून जुन्या ई-मेल कशा काढाव्या

आमचा पहिला ई-मेल पत्ता व्हीएसएनएलचा. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते याच सरकारी कंपनीनं. खासगी कंपन्यांना दार उघडलं १९९८ मध्ये. २००२ मध्ये ती टाटांकडे गेली आणि २००८ मध्ये, लग्न होऊन नाव बदलावं तशी, टाटा कम्युनिकेशन्स झाली. माझा पासवर्ड त्याआधीच विसरला होता. मुलाची अमेरिकेतून आलेली पत्रं गेली, असंच मी धरून चालले होते.

गेली नव्हती. आउटलुक एक्सप्रेस हा तेव्हाचा ई-मेलचा प्रोग्रॅम. तो पत्रं घरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचा आणि 'सर्व्हरवर प्रत ठेव' अशी मुद्दाम खूण केली नसेल तर सर्व्हरवरून पुसून टाकायचा. फोनचं बिल वाढू नये म्हणून आम्हीही पत्रं उतरवून लाइन तोडायचो, मग चहा घेत वाचायचो. म्हणजे सगळं रामबागेतल्या आमच्या माळ्यावरच होतं!

जुना डबा सुरू करायच्या फंदात पडू नका. हार्ड डिस्क काढा. मागे रुंद, चपटी केबल असेल तर ती आयडीई. तिला यूएसबी कन्व्हर्टर लागतो, आणि तोही स्वतःच्या अडॅप्टरसकट, कारण नुसत्या यूएसबीच्या विजेवर ती मोठी डिस्क फिरत नाही. दुकानदार म्हणाला, "आंटी, इसको कबाड़ में दो." मी कन्व्हर्टर घेऊनच आले.

डिस्क जोडली की फोल्डर धुंडाळत बसू नका, ते लपवलेले असतात. आधी लपवलेल्या फायली दिसतील असं करा, मग शोधात '.डीबीएक्स' टाका (अक्षरं अर्थात इंग्रजीत), आउटलुक एक्सप्रेसच्या फायलींच्या नावाचं ते शेपूट. इनबॉक्स, सेंट आयटम्स, प्रत्येकाची एकेक फाइल सापडेल. परवानगी मागितली तर द्या. 'फोल्डर्स' नावाच्या फाइलीत पत्रं नसतात, ती नुसती यादी. मी तिच्यावर अख्खी दुपार घालवली.

सगळ्या फायलींची आधी नक्कल करा, हात लावायचा तो नकलेलाच. मग अनडीबीएक्स हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यातून एकेक पत्र सुटं काढतो. ती पत्रं थंडरबर्ड या ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये उघडतात. मराठी पत्रात नुसती चिन्हं दिसली तर घाबरू नका, युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा फॉन्ट असेल. तोच फॉन्ट घाला.

आमच्याकडे तोही प्रश्न नव्हता. पोरगा मराठी रोमन लिपीतच लिहायचा. सर्वात जुन्या पत्राचा विषय 'पोळी'. आत एकच ओळ: आई, कणीक सैल झाली, आता काय करू?