मनोसामाजिक पुनर्वसन: कर्मचाऱ्यांचं ज्ञान आणि दृष्टिकोन कसा तपासायचा

मानसिक आजार असलेल्याला घरात, कामावर आणि समाजात पुन्हा उभं राहायला मदत करणं म्हणजे मनोसामाजिक पुनर्वसन. त्याबद्दल कर्मचाऱ्यांचं ज्ञान आणि दृष्टिकोन तपासताना दोन्ही एकाच प्रश्नावलीत कालवू नका. कायद्याची कलमं तोंडपाठ असलेली परिचारिकाही 'हा घरी गेला की पंधरा दिवसांत परत येणार' हे मनात पक्कं धरून बसलेली असू शकते. दोन्ही भाग वेगळे ठेवा, गुण वेगळे काढा आणि त्यांची बेरीज करू नका.

गोव्यात बांबोळीच्या मनोरुग्णालयापासून आरोग्य केंद्रापर्यंत कुठेही हे काम करा, पण फक्त डॉक्टरांना आणि मानसशास्त्रज्ञांना विचारून थांबू नका. वॉर्डात रुग्णाचा जास्त वेळ परिचारिका आणि अटेंडंट यांच्यासोबत जातो. त्यांना वगळलंत तर चित्र खोटं निघेल. नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमती आधी घ्या.

ज्ञानासाठी 15 ते 20 विधानं पुरेत. पर्याय तीन: बरोबर, चूक, माहीत नाही. तिसरा पर्याय नसला तर लोक अंदाजाने खूण करतात आणि निम्मे गुण फुकट मिळतात. विधानं रोजच्या निर्णयांशी भिडणारी हवीत. उदाहरणार्थ, 'घरचे न्यायला तयार नाहीत, एवढ्याच कारणाने रुग्णाला रुग्णालयात ठेवून घेता येतं.' हे चूक आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 19 त्याच्या आड येतं. किंवा, 'नोकरीला लावण्याआधी दीर्घ प्रशिक्षण पूर्ण व्हायलाच हवं.' हेही चूक. ज्याला काम करायचंय त्याला लवकर खरी नोकरी मिळवून द्यायची आणि मग तिथे आधार देत राहायचं, ही पद्धत अधिक परिणामकारक ठरली आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि सवलतींसाठी लागणारी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट यावरही एक विधान ठेवा.

दृष्टिकोनासाठी 'मायका-4' (MICA-4) ही मानसिक आजाराबद्दलचा आरोग्य कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन मोजणारी 16 विधानांची मापनपट्टी वापरता येते. प्रत्येक विधानाला 1 ते 6 गुण, एकूण 16 ते 96. गुण जास्त म्हणजे कलंकभावना जास्त. मूळ लेखकांची परवानगी घ्या. मात्र ती पुनर्वसनापुरती बनवलेली नाही, शिवाय 'चांगलं' उत्तर कोणतं हे सुशिक्षित माणसाला लगेच कळतं. म्हणून सोबत एक प्रसंग द्या:

'35 वर्षांचा पुरुष, स्किझोफ्रेनिया. औषधं नियमित, आवाज अधूनमधून ऐकू येतात. पूर्वी पोदेराच्या (पाववाल्याच्या) भट्टीवर पहाटे कामाला जायचा, आता परत जायचं म्हणतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही काय कराल?'

उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहू द्या. 'आवाज पूर्ण थांबेपर्यंत काम नको' याला 0. 'ओटीकडे (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार) पाठवू' एवढ्यावरच थांबलं तर 1. त्याची संमती घेऊन मालकाशी बोलणं आणि पहाटे गुंगी येऊ नये म्हणून गोळ्यांच्या वेळेबद्दल डॉक्टरांना विचारणं, याला 2. दोघांनी एकमेकांचं न बघता गुण द्यावेत. त्यांचा कॅपा (दोघांचे गुण किती जुळतात हे योगायोग वगळून सांगणारा आकडा) 0.6 च्या खाली गेला तर निकष पुन्हा लिहा. हा भाग वेळखाऊ आहे, पण सगळ्यात जास्त तोच सांगतो.

मराठी आणि कोंकणी दोन्ही आवृत्त्या तयार ठेवा. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करावं, तिसऱ्याने ते परत मूळ भाषेत आणावं (उलट भाषांतर), आणि मग 8 ते 10 कर्मचाऱ्यांनी प्रत्येक विधान वाचून त्याचा अर्थ सांगावा. गोंधळ बहुतेकदा नकारात होतो. 'रुग्ण नोकरी टिकवू शकत नाहीत' याला 'असहमत' म्हणताना काहींची खूण उलटी पडते. 'रुग्ण नोकरी टिकवू शकतात' असं सरळ लिहा. उलट दिशेची विधानंही हवीतच, पण 'नाही' न वापरता: 'पुनर्वसनात घातलेला वेळ वाया जातो.'

गोवा लहान आहे. 'फोंडा, वय 42, सोशल वर्कर' एवढ्यावरून माणूस ओळखता येतो. तालुका विचारू नका, वय दहा वर्षांच्या गटात घ्या, पाचपेक्षा कमी जणांच्या गटाचे आकडे वेगळे छापू नका. विभागप्रमुखांनी प्रश्नावल्या वाटल्या तर उत्तरं त्यांना आवडतील अशीच येतात. बाहेरच्या माणसाने वाटाव्यात आणि बंद पेटीत घ्याव्यात. ड्यूटी बदलताना तर अजिबात देऊ नका, घाईत सगळ्या खुणा एकाच रकान्यात पडतात.

प्रशिक्षणानंतर लगेच घेतलेल्या चाचणीत ज्ञानाचे गुण वाढतातच. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि त्याच वेळी डिस्चार्जच्या शेवटच्या 30 फायली काढा. रुग्णाला स्वतःला काय करायचंय हे किती फायलींत लिहिलंय, पाठपुराव्याची तारीख किती जणांना दिलीय, हे मोजा आणि गुणांच्या शेजारी मांडा.