उभ्या आरव्हीला कव्हर: घालायचं कधी, टाळायचं कधी

आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली प्रवासाची गाडी, चार-सहा महिने उभी राहणार असं कळलं की एक जण सांगतो, ‘कव्हर घालून टाक, निश्चिंत हो.’ दुसरा सांगतो, ‘कव्हर अजिबात नको, गाडी आतून कुजते.’ दोघांनीही आपापल्या जागी पाहिलेलंच सांगितलेलं असतं. फक्त गाडी कुठे उभी राहणार, हे दोघांनीही विचारलेलं नसतं. कव्हर उन्हापासून वाचवतं आणि त्या बदल्यात घासणं आणि ओल अशी दोन दुखणी घेऊन येतं. तुमच्या जागेवर त्रास कशाचा जास्त आहे, एवढंच ठरवायचं आहे.

पक्क्या छपराखाली जागा मिळत असेल तर कव्हरचा विषयच सोडा. बाजू उघड्या असल्या तरी चालेल. छप्पर गाडीला टेकत नाही, घासत नाही आणि हवाही अडवत नाही. टायरवर ऊन येत असेल तर तेवढे झाका.

गाडी महिन्याभरातच बाहेर निघणार असेल तरीही कव्हर नको. समोरच्या काचेला पडदा आणि टायरना झाकण पुरतं.

आधी गळती शोधा

कव्हर गळतीवरचा इलाज आहे, हा समज डोक्यातून काढून टाका. पाणी एकदा भिंतीत शिरलं की ते वाळायला ऊन आणि वारा लागतो, आणि कव्हर नेमकं तेच अडवतं. वर गळती दिसत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त राहता, आणि आत प्लायवूड मऊ पडत जातं. छतावरच्या खिडक्या, एसीची बैठक, शिडीचे स्क्रू, कडेच्या पट्ट्या या सगळ्यांभोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, बोटाने तपासा. भेगा दिसल्या तर ते आधी नवं करा. आतल्या कोपऱ्यांत भिंत दाबून पाहा. मऊ लागली, कागदाला फुगे आले असले किंवा कोंदट वास आला तर दुरुस्ती होईपर्यंत कव्हरचं नाव काढू नका. भिंतीतली ओल मोजायचं मीटर मिळालं तर उत्तम. आकडा १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, २० च्या वर गेला तर काहीतरी मुरतंय असं समजा.

ऊन किती आहे ते पाहा

अतिनील किरणांनी फायबरच्या अंगावरची चमक जाऊन पांढरी भुकटी हाताला लागते, स्टिकर तडकतात, छतावरच्या खिडक्यांची प्लास्टिकची झाकणं ठिसूळ होतात, सीलंट वाळतं, टायरच्या बाजूंना बारीक चिरा पडतात. दिवसभर उघड्यावर ऊन खाणाऱ्या गाडीला कव्हरचा फायदा सगळ्यात जास्त. झाडाखाली उभ्या गाडीला ऊन कमी लागतं, पण चीक, पक्ष्यांची घाण आणि कुजणारा पाला असतो, म्हणजे तिथेही कव्हर कामाचं. वाळकी फांदी पडली तर मात्र कव्हर काहीच करू शकत नाही, तेव्हा जागा बदला.

वारा: निर्णय खरा इथे होतो

लोक ऊन पाहतात, पाऊस पाहतात आणि वाऱ्याला विसरतात. मलाही ही पायरी नीट समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण वाऱ्याने केलेलं नुकसान कव्हर काढेपर्यंत दिसत नाही.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो. कव्हर फडफडायला लागलं आणि त्याच्या व गाडीच्या मधे धूळ असली, की तुम्ही गाडीला महिनोन्‌महिने पॉलिश पेपर लावून ठेवल्यासारखं होतं. रंगावरचा पारदर्शक थर धूसर होतो. कॅरॅव्हानच्या, म्हणजे दुसऱ्या गाडीमागे ओढायच्या आरव्हीच्या, बऱ्याच खिडक्या काचेच्या नसून अॅक्रिलिकच्या असतात, त्यांच्यावर ओरखडे फार लवकर उठतात. उन्हाने फिकी पडलेली चमक पॉलिश करून बरीच परत येते. कोपऱ्यावर खोलवर घासलेल्या रंगाला मात्र पुन्हा रंगच मारावा लागतो. म्हणून ऊन मध्यम आणि वारा जोरदार असेल, तर माझं मत ठाम आहे: कव्हर घालू नका.

वारा जोरदार आहे की नाही, हे हवामानाच्या अंदाजावरून कळत नाही. अंदाज सगळ्या परिसराचा असतो, तुमची गाडी एका कोपऱ्यात उभी असते. दोन इमारतींमधली किंवा दोन उंच गाड्यांमधली फट असेल तर तिथे वारा वेग घेतो. जमिनीवर शांत वाटतं तेव्हाही छताच्या उंचीवर वारा असतोच. त्यामुळे सरळ तपासून पाहा. जुन्या सुती चादरीच्या हातभर लांब पट्ट्या फाडा आणि चारी कोपऱ्यांना, छताच्या उंचीवर बांधा. जोराचे वारे येऊन जाऊ द्या, मग टोकं बघा. टोकं उसवून धागे सुटले असतील, पट्टी स्वतःभोवती पिळून गाठ बसली असेल, तर नव्या कव्हरचंही तिथे हेच होणार. एकाच कोपऱ्याची पट्टी खराब झाली असेल तर गाडी फिरवून उभी करता येते का बघा. गाडीचं तोंड वाऱ्याकडे असलं की रुंद बाजू वाचते.

पट्ट्या शाबूत राहिल्या तर कव्हर घाला, पण घट्ट. ‘थोडं सैल असलेलं बरं, घालायला सोपं जातं’ असं विक्रेते सर्रास सांगतात. घालायला सोपं जातं हे खरं, पण गाडीसाठी याहून वाईट सल्ला मी ऐकलेला नाही. माप स्वतः घ्या. मागची शिडी आणि स्टेपनी लांबीत धरा. ओढायच्या कॅरॅव्हानची कंपनीने छापलेली लांबी पुष्कळदा पुढच्या जोडदांड्यासकट असते, आणि कव्हरच्या तक्त्यात तो दांडा सहसा धरलेला नसतो. हा फरक लक्षात न घेतल्यानेच कव्हर एक माप मोठं येतं आणि पुढून झोळीसारखं लोंबतं. पोटाखालून जाणारे पट्टे असलेलं आणि पुढून-मागून आवळता येणारं कव्हर घ्या. नुसत्या खालच्या इलॅस्टिकवर टिकणारं कव्हर वाऱ्यात फुगणारच. बांधून झालं की बाजूचं कापड चिमटीत धरून ओढा. मूठभर कापड हातात आलं तर पट्टे पुन्हा आवळा. पहिल्या काही दिवसांत कापड ताणून सैल पडतं, तेव्हा एकदा येऊन परत आवळणं भाग आहे.

घट्ट कव्हर टोकांवर फाटतं. छताच्या पन्हळीची तोंडं, अँटेना, शिडीचे कोपरे, आरसे, एसीच्या कडा या सगळ्यांवर मऊ आवरण लागतं. पाइपवर चढवायचा फोम कापून लावा. जुने टॉवेल गुंडाळायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. टॉवेल पाणी पितात आणि आठवडाभर ओलेच गाडीला चिकटून राहतात. फोम गाडीला बांधा, कव्हरला नाही, नाहीतर कव्हर हललं की फोम सरकतो आणि उघडं टोक पुन्हा कापडाला भिडतं.

कापड

ताडपत्री नको. दुहेरीही नको, ‘थोडेच दिवस’ म्हणूनही नको. रात्री गाडीचा पत्रा थंड होतो, कव्हरखालच्या हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते, आणि ताडपत्रीतून ती बाहेर पडायला वाटच नसते. शिवाय तिच्या कडांना लावलेल्या धातूच्या कड्या वाऱ्यात गाडीवर आपटत राहतात. न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचं, अनेक थरांचं, हवा खेळू देणारं कापड घ्या. छतावर जाड आणि बाजूंना हलकं असलं तर सगळ्यात बरं. पुड्यावर ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ लिहिलेलं दिसलं की मी तो पुडा परत ठेवतो. पाणी अडवायचं काम गाडीच्या छताचं आहे.

बाजूंना झडपा आणि दाराजवळ चेन असलेलं कव्हर घ्या, मधेच आत जाता येतं. आतली कपाटं आणि फ्रिजचं दार उघडं ठेवा, गाद्या उभ्या करा, टाक्या रिकाम्या करा. ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवणार असाल तर ते रिकामे करायला कुणी येणार आहे ना, हे आधी ठरवा. डबा भरून वाहिला की ते खारट पाणी धातू खातं.

सोलर पॅनल आणि बॅटरी

छतावरचं पॅनल कव्हरखाली गेलं की चार्जिंग बंद, पण गॅस गळतीचा अलार्म बॅटरीतून गुपचूप वीज घेतच राहतो. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण चार्ज असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ती १२.४ च्या खाली बराच काळ राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिची ताकद जाते. तेव्हा बॅटरी पूर्ण चार्ज करून तार सोडवा, किंवा जागेवर वीज असेल तर चांगला स्वयंचलित चार्जर लावून ठेवा. लिथियम बॅटरी असेल तर साधारण अर्धी भरून तार सोडवा, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत चार्ज करू नका. हा व्याप नको असेल, पॅनलवरच सगळं चालू ठेवायचं असेल, तर पूर्ण कव्हर तुमच्यासाठी नाही.

आणि एक इशारा, यात तडजोड नाही: कव्हर घातलेल्या गाडीत हीटर, गॅसवरचा फ्रिज किंवा जनरेटर कधीही चालवायचा नाही, आत झोपायचंही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह आधीच बंद करा.

घालताना

गाडी धुऊन पूर्ण वाळवा. वारा नसलेला कोरडा दिवस आणि सोबत दुसरा माणूस लागतो. छतावर चढणं टाळून लांब काठीने जमिनीवरूनच सरकवा.

घालायचं नाही असं ठरलं तर

गाडी धुऊन रंगाला मेण लावा, टायरना फिकट रंगाची झाकणं घाला, पुढची काच बाहेरून झाका. छत ईपीडीएम रबराचं असेल तर त्यावर पेट्रोलियम असलेलं काही लावू नका, रबर फुगतं. कव्हर न घातलेली पण दोन-तीन महिन्यांनी धुतली जाणारी गाडी, कव्हर घालून विसरलेल्या गाडीपेक्षा बहुतेक वेळा चांगली राहते. वर्षभर कुणी फिरकणारच नसेल आणि जागा वाऱ्याची असेल, तर मी कव्हर न घालणंच पसंत करेन.

घातलंच असेल तर

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक वादळानंतर फेरी मारा. पट्टे आवळा, छतावर कुठे पाणी साचतंय का पाहा, बर्फ असेल तर मऊ झाडूने खाली ओढा. कव्हरच्या आडोशाला उंदीर हमखास येतात, म्हणून चाकांजवळ आणि इंजिनाशी लेंड्या दिसतात का तेही बघा. दाराची चेन उघडून आत डोकं घाला. कोंदट वास आला तर कोरड्या दिवशी कव्हर अर्धं वर करून गाडीला वारा द्या.

कव्हर स्वतःही उन्हाने मरतं. अंगठ्याने जोरात दाबल्यावर कापड सुटायला लागलं किंवा हाताला भुकटी लागली, की ते टाकून द्या. शिवत बसू नका. ठिगळाच्या शेजारचं कापडही तितकंच कुजलेलं असतं, आणि सुटलेला तुकडा रात्रभर वाऱ्यात एकाच जागी घासत राहतो.