घाटात जुनी फियाट बंद पडली तर
जुन्या गाड्यांचा ताफा घेऊन मुंबईहून मुरबाडमार्गे माळशेजला निघालात, तर डिकीत सुती फडकं आणि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवाच. प्रीमियर पद्मिनीचा, म्हणजे या जुन्या फियाटचा, टाकीतून पेट्रोल खेचणारा पंप इंजिनालाच बसवलेला असतो. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर कोरडा पडतो आणि गाडी आचके देत थांबते. अशा वेळी स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरेल. बॉनेट उघडा, ओलं फडकं पिळून पंपावर गुंडाळा, टोक पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी पंप हाताला गार लागला की गाडी सुरू करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना मुळीच उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं! उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. ड्रम ब्रेक तापले की धरत नाहीत.