धडधड होते तेव्हाच पकडा: खिशातलं ईसीजी यंत्र कसं वापरावं

छातीत धडधडतं, घाबरायला होतं, पण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ठोके ताळ्यावर आलेले असतात आणि तिथला ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेची रेषेत उमटणारी नोंद, नॉर्मल येतो. खिशात मावणारं ईसीजी यंत्र कामाला येतं ते इथेच.

घेताना आधी एक गोष्ट बघा. बरीच घड्याळं हिरव्या प्रकाशाने त्वचेखालचा रक्तप्रवाह टिपतात आणि त्यावरून नाडीचा अंदाज बांधतात. तो ईसीजी नव्हे. ईसीजीसाठी दोन्ही हात धातूच्या दोन पट्ट्यांना टेकावे लागतात. पेसमेकर बसवलेला असेल तर यंत्र घेण्याआधीच डॉक्टरांना विचारा.

नोंद घेताना बसा, कोपर टेबलावर टेकवा. हाताला लोशन असेल तर पुसा, बोटं फार कोरडी असतील तर किंचित ओली करा. यंत्र अलगद धरा. आवळून धरलं की हाताच्या स्नायूंची वीजही नोंदीत उतरते आणि रेषेला करवतीसारखे दाते येतात. मग यंत्र ‘अनिर्णित’ म्हणतं आणि माणूस उगाच धास्तावतो. ३० सेकंद हलू नका, बोलू नका. रेषा खराब आली तर लगेच दुसरी काढा.

आता उंच टोकांमधलं अंतर पाहा. एखादा ठोका लवकर पडून पुढे क्षणभर थांबल्यासारखं होणं पुष्कळ निरोगी माणसांतही दिसतं. पण अंतर कसलाच क्रम न धरता सतत बदलत असेल, तर एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याची, शंका घ्यावी. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पुढे पक्षाघाताचा धोका असतो. म्हणून ती नोंद पीडीएफमध्ये जपा, वेळ, त्रास किती टिकला आणि तेव्हा काय करत होतात हे लिहा, आणि डॉक्टरांना दाखवा. निदान ते करतील. यंत्राच्या शेऱ्यावरून गोळ्या सुरू किंवा बंद करू नका.

‘नॉर्मल’ शेरा त्या ३० सेकंदांपुरताच. म्हणून दर तासाला मोजत बसण्यात अर्थ नाही, त्याने काळजीच वाढते. त्रास जवळपास रोज होत असेल तर डॉक्टर २४ किंवा ४८ तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र, आणि क्वचित होत असेल तर जास्त दिवस छातीवर चिकटवायचा पॅच सुचवतील.

हार्ट अटॅक या यंत्राला ओळखता येत नाही. छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं, तोंड वाकडं होणं, यातलं काहीही झालं तर नोंद काढण्यात वेळ घालवू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.