उंबर फोडून मुलांशी देवाबद्दल कसं बोलावं

आमच्या कृष्णाकाठी उंबराला नुसतं उंबर कुणी म्हणत नाही. औदुंबर म्हणतात आणि म्हणता म्हणता हात जोडतात. भिलवडीजवळचं औदुंबर आणि खाली नृसिंहवाडी, ही दोन्ही दत्ताची ठाणी. मी तिथे प्रदक्षिणा घालतच मोठी झाले, आणि पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. या दोन गोष्टींची माझ्या मनात कधी मारामारी झाली नाही. पण एकदा वर्गात एका मुलीला मी चुकीचं उत्तर दिलं, त्याची बोच अजून आहे.

सातवीचा वर्ग होता. उंबर फोडून आतली केंबरं, म्हणजे उंबरात वाढणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या, दाखवत होते. तिनं विचारलं, "बाई, हे देवानं केलं का आपोआप झालं?" तास संपत आला होता. मी म्हणाले, "आपोआप." ती गप्प बसली, आणि वर्षभरात तिनं पुन्हा प्रश्न विचारला नाही. माझं उत्तर तिच्या देवाला दुखावणारं होतंच, शिवाय विज्ञान म्हणूनही ते चूक होतं. त्यानंतर हा तास मी कसा घ्यायला लागले ते सांगते. घरी नातवंडांबरोबर असाच घेता येतो. मूल दहा वर्षांच्या पुढचं असावं.

देवळाच्या पारावरच्या झाडाचं फळ तोडू नका. कुणाच्या श्रद्धेवर ब्लेड चालवून हा विषय सुरू होत नाही. ओढ्याकाठचं, शेताच्या बांधावरचं झाड बघा आणि मालकाला विचारून आठ-दहा फळं घ्या. लाल, पिकलेली नकोत; त्यांना बहुधा आधीच भोक पडलेलं असतं आणि केंबरं निघून गेलेली असतात. पूर्ण वाढलेली पण अजून टणक, हिरवा रंग नुकता फिकट होऊ लागलेली फळं हवीत. निम्मी काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला मलमलचं कापड रबरानं घट्ट बांधा. उरलेली फोडायला. दाढीचं ब्लेड, पांढरी ताटली आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढं पुरे. ब्लेड तुमच्याच हातात राहू द्या.

फळ उभं चिरा आणि पहिली पंधरा मिनिटं काही समजावू नका. हे मला सगळ्यात अवघड गेलं. शिकवणाऱ्याला शांतता सोसत नाही. पण मुलाला आधी बघू द्यावं, कारण ज्यानं नीट बघितलेलं नाही त्याच्याशी निर्मात्याबद्दल बोलणं म्हणजे नुसता शब्दांचा खेळ होतो.

काय दिसतं? 'उंबराचं फूल' म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट, असं आपण म्हणतो. ती फुलं इथे आहेत, शेकड्यांनी, फळाच्या आत तोंड करून बसलेली. उंबर हे फळ नसून आत मिटलेला फुलोराच आहे. देठाच्या विरुद्ध टोकाला खवल्यांनी झाकलेलं बारीक दार आहे. फळ कोवळं असताना त्या दारातून केंबराची मादी आत शिरते. ती दोनएक मिलिमीटरची असते आणि वाट इतकी अरुंद की तिचे पंख तिथेच तुटतात. आत ती सोबत आणलेले पराग फुलांवर घालते, काही फुलांत अंडी देते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडं नाही त्यांचं बी होतं. काही आठवड्यांनी आधी नर बाहेर येतात. ते पिवळसर असतात, त्यांना पंख नसतात. माद्या अजून आपापल्या फुलात बंद असतानाच ते त्यांच्याशी मीलन करतात, मग फळाच्या भिंतीला भोक पाडतात. त्यांचं बहुतेक आयुष्य त्या एका उंबरात सरतं. काळसर माद्या दाराजवळच्या नरफुलांतून पराग छातीवरच्या खाचांत भरून घेतात आणि उडून जातात. त्यांना दुसरं झाड गाठायचं असतं, कारण एका झाडावरची फळं साधारण एकाच वेळी तयार होतात, आणि हाताशी असतात एक-दोन दिवस.

पन्नास वर्षांत मी किती उंबरं फोडली त्याचा हिशेब नाही. तरी दरवेळी माझा श्वास अडतो.

आता मूल विचारेल. नाही विचारलं तर थांबा, विषय ओढून आणू नका. विचारलं तर पहिलं काम म्हणजे त्याच्या प्रश्नाला मान द्या आणि सांगा की हा प्रश्न फार जुना आहे. घडा दिसला की कुंभार असणार, तसं हे जगही एक कार्य आहे, त्याला कर्ता असणारच, असं न्यायदर्शनवाले, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्राचे पंडित, म्हणत. हजारएक वर्षांपूर्वी मिथिलेच्या उदयनाचार्यांनी त्यावर न्यायकुसुमांजली लिहिली. इंग्लंडात विल्यम पेली या पाद्र्यानं 1802 साली हेच घड्याळाच्या दाखल्यानं मांडलं: माळावर घड्याळ सापडलं तर ते कुणीतरी केलेलं आहे हे कळतंच. हा युक्तिवाद भोळा नाही. मुलाला त्याचं पूर्ण बळ जाणवू द्या.

मग त्याला वारुळापाशी न्या. खरोखर न्या, आमच्याकडे बांधावर हवी तेवढी आहेत. उदयनाचार्यांच्या कित्येक पिढ्या आधी धर्मकीर्ती या बौद्ध पंडितानं विचारलं होतं की घडा मातीचा म्हणून कुंभारानं केला असेल, तर वारूळही मातीचंच आहे, तेही कुंभारानंच केलं का? घड्यामागे कुंभार आहे हे आपण ओळखतो, कारण कुंभाराला काम करताना पाहिलेलं असतं. नुसती रचना बघून कर्ता ओळखता येत नाही. आणि घरातली मोठी माणसं या चर्चेनं अस्वस्थ झाली तर त्यांना सांगा की वेद प्रमाण मानणाऱ्या कुमारिल भट्टांनीही जगाचा कर्ता नाकारला होता. शंका घेणं आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही.

यापुढे 'आपोआप' हा शब्द मोडायचा. मुलांच्या मनात दोनच डबे असतात: एक देवानं केलं, दुसरा आपोआप, म्हणजे फासे पडावे तसं. तिसरा डबा दाखवावा लागतो. मी मुलांना नदीवर नेते. वर गोटे, खाली खडे, त्याहून खाली वाळू. कुणी बसून निवडलेलं नाही, तरी निवडलं गेलं आहे. पाण्याला जे झेपलं ते त्यानं पुढे नेलं. यात योगायोग आहे, पण नुसता योगायोग नाही. 1859 साली चार्ल्स डार्विननं सजीवांबद्दल दाखवलं ते याच जातीचं होतं. पिढीगणिक बारीक फरक पडतात, त्यातले जगायला उपयोगी पडणारे टिकतात आणि टिकलेल्यांवर पुढचे साठत जातात. नदीत ही साठवण नसते, उंबरात असते. एवढा फरक मुलांना आवर्जून सांगा.

"पण अर्धवट उंबर कशाच्या उपयोगाचं?" हा प्रश्न हुशार मूल विचारतंच. त्यासाठी ताटलीत उंबराशेजारी तुती आणि फणसाचा काप ठेवा. तिघं एकाच कुळातली. तुतीचा प्रत्येक दाणा एका फुलाचा, फणसाचा प्रत्येक गरा एका फुलाचा. दोन्हीकडे फुलं बाहेर तोंड करून असतात. याच कुळातल्या डॉर्स्टेनिया या वनस्पतीत फुलांची सपाट, उघडी थाळी असते. थाळीच्या कडा वळत वळत मिटल्या की उंबर. मधल्या प्रत्येक घडीला झाड जगतं, बी धरतं. केंबरांतही पायऱ्या आहेत. उंबराची केंबरं पराग वेचून भरून नेतात, तर रानटी अंजिराची नुसती अंगाला चिकटलेले नेतात, आणि तेवढ्यावरही भागतं. (पुरंदरच्या अंजिरात किडे असतात का, हे मुलं विचारतातच. ते अंजीर परागणाशिवाय धरतं, निर्धास्त खा.)

सौंदर्य दाखवलंत तर बरणीतली दुसरी जातही दाखवा. काही माद्यांना शेपटीसारखी लांब नळी असते. त्या आत शिरतच नाहीत, बाहेरूनच नळी खुपसून अंडी घालतात, झाडाचे पराग वाहत नाहीत. अशाच गांधीलमाश्यांचे काही नातलग जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खातात. डार्विननं 1860 साली एसा ग्रे या आपल्या वनस्पतीशास्त्रज्ञ मित्राला लिहिलं की, दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वरानं हे मुद्दाम घडवलं असेल असं मनाला पटवता येत नाही. ज्यांना रचनेत निर्मात्याची सही दिसते त्यांनी या पानावरही ती वाचली पाहिजे. हे मुलांपासून लपवू नका.

एका मुलानं मला अडवलं होतं. म्हणाला, "बाई, नदीनं निवडलं, पण पाणी उताराला वाहतं हे कुणी ठरवलं?" फार खरा प्रश्न. त्याला मी सांगितलं की इथे उंबराची साक्ष संपते. उंबर कसं झालं हे उंबराकडून कळतं. नियम मुळात आहेतच का, हे त्याच्याकडून कळत नाही. इथून पुढे कुणी देव म्हणतं, कुणी म्हणत नाही, आणि दोघांनाही ताटलीतला पुरावा दाखवून जिंकता येत नाही.

"तुमचं काय?" असंही विचारतील. खरं सांगा, जे असेल ते. मी सांगते की मी अजून प्रदक्षिणा घालते. तो नमस्कार केंबराच्या पंखावरून काढलेला निष्कर्ष नाही, म्हणून पंखाचं कोडं सुटलं तरी तो हलत नाही. माझ्या बहिणीनं असंच सगळं बघून देव सोडला, आणि उंबर तिलाही माझ्याइतकंच लाडकं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बरणी बघा. कापडाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके हलताना दिसले की उशीर करू नका. ज्याच्यावर लहान हिरवी फळं आहेत असं दुसरं उंबर शोधा, मुलाला खोडाशी उभं करा आणि रबर त्यालाच काढू द्या.